उकळत्या पाण्याची परीक्षा

सेवानिवृत्त शिक्षकानें उतारवयांत चार ग्रंथ वाचावे, नातवंडांकडून शब्दरूपें घोकून घ्यावीं आणि सायंकाळीं भाट्याच्या पुलापर्यंत फेरी मारून यावें, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हीहि कांहीं वर्षें तसेंच वागत होतों. परंतु गेल्या वैशाखांत आमच्या तेरा वर्षांच्या नातवानें अंगणांत लहानशी होडी बांधण्याचा हट्ट धरला, आणि साठी उलटल्यावर आम्हांस प्लायवुडच्या दुकानाची पायरी चढावी लागली. चिरंजीव व्यापारी जहाजावर नोकरीस. सहा-सहा महिने घरीं नसतात. तेव्हां मुलाचा हट्ट आणि मुलाचा जीव, दोहोंची जबाबदारी आमच्याच शिरावर.

हट्ट अगदींच पोरकट नव्हता. इंग्लंडांत १९६३ सालीं 'मिरर' नांवाची शिडाची होडी निघाली. बॅरी बकनेल व जॅक होल्ट यांनीं आंखलेल्या ह्या होडींत प्लायवुडचे तुकडे कडेला कडा लावून तांब्याच्या तारेनें शिवावयाचे आणि सांधे कांचतंतूंची पट्टी व रेझिन यांनीं बुजवावयाचे. हजारों गृहस्थांनीं ती घरच्या घरीं बांधली. शिवलेली नौका म्हटल्यावर आम्हांस भोजाच्या नांवावर असलेला 'युक्तिकल्पतरु' आठवला. समुद्रांतील चुंबक-पाषाण नौकेस ओढून घेतील, या भीतीनें फळ्या लोखंडानें जोडण्यास त्यांत मनाई आहे. २०२५ सालीं कारवार येथें आपल्या नौदलांत दाखल झालेली 'कौंडिण्य' ही नौकाहि, अजिंठ्याच्या एका चित्रावरून, काथ्यानें फळ्या शिवूनच बांधलेली आहे.

त्याच ग्रंथांत लाकडाचे चार वर्ग सांगितले आहेत. हलकें पण टणक तें नौकेस उत्तम, आणि दोन वर्गांचें मिश्रण निषिद्ध. आम्ही नातवास म्हणालों, "बाळ, तुझें प्लायवुड म्हणजे मिश्रणाचाच कारखाना!" तो म्हणाला, "पण आजोबा, भोजराजाजवळ आजचा डिंक कोठें होता?"

मुलाचें उत्तर मर्मावरच होतें. ओंडका फिरवीत त्याचे पातळ पापुद्रे सोलतात आणि ते विषम संख्येनें, एकाचे तंतु उभे तर दुसऱ्याचे आडवे, असे एकावर एक चिकटवितात. त्यामुळें फळी सहसा चिरत नाहीं व पाण्यानें एका अंगानें फुगत नाहीं. पण सारी भिस्त डिंकावर. युरियाच्या डिंकाची फळी घरांतील सामानास चालते, पाण्यांत मात्र तिचे पदर सुटतात. फिनॉलचा डिंक उकळत्या पाण्यासहि दाद देत नाहीं. भारतीय मानकांपैकीं 'आय. एस. ३०३' हें साधारण प्लायवुडचें आणि 'आय. एस. ७१०' हें नौकेच्या, म्हणजे मरीन प्लायवुडचें. या दुसऱ्यानें उकळत्या पाण्यांत ७२ तास टिकलें पाहिजे.

एवढें वाचूनहि आम्ही चुकलों. एका दुकानदारानें ८ फूट लांब, ४ फूट रुंद व ६ मिलिमीटर जाड अशी फळी दाखविली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'मरीन' असें छापलें होतें. मानकाचा अंक मात्र कोठेंहि नव्हता. किंमत पुष्कळच कमी. आम्हांस पेन्शनीची आठवण झाली आणि दोन फळ्या घेऊन आम्ही घरीं आलों. सूनबाईला म्हणालों, "निर्धास्त राहा, मरीनच आहे."

फळीवरून हात फिरवीत ती हळूच म्हणाली, "मामंजी, तुमच्या शब्दावर मुलगा पाण्यांत उतरणार. ही टिकते असें वाचलें आहे कीं पाहिलें आहे?"

वाचकहो, आमचा सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. शब्द प्रमाण मानावयाचा तो आप्ताचा. म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो खरें बोलतो, अशाचा. हें आम्हांस तोंडपाठ. मग फळीवरचा छाप आप्त केव्हां झाला? प्रत्यक्ष पाहणें हातचें असतां आम्हीं स्वस्ताईच्या मोहानें नातवाचा जीव परक्याच्या शब्दावर टांगला होता.

त्याच दिवशीं न्हाणीच्या चुलीवर पातेलें चढलें. आमच्या फळीचा वीतभर तुकडा आणि राजिवड्याच्या एका सुतारानें दिलेला ७१० छापाचा तुकडा, दोन्ही त्यांत सोडले. दोन तासांत आमच्या तुकड्याचे पदर, जुन्या पोथीचीं पानें सुटावीं तसे, वेगळे झाले. नातू कांहीं बोलला नाहीं; सूनबाईहि बोलली नाहीं. बोलली असती तर बरें वाटलें असतें. दुसरा तुकडा आम्हीं तीन दिवस व तीन रात्री उकळला. आळीपाळीनें जागून चुलींत नारळाचीं सोडणें सारलीं. चौथ्या दिवशीं त्यांत पटाशी घातली, तेव्हां लाकूड फाटलें, पण डिंकाचा सांधा सुटला नाहीं. खऱ्या फळीची हीच खूण.

मग नव्यानें फळ्या निवडल्या. प्रथम आय. एस. आय. चिन्ह, ७१० हा अंक व परवाना-क्रमांक पाहिला. तो क्रमांक 'बी. आय. एस. केअर' या मोबाइलवरील सोयीनें पडताळतां येतो. मग कडा निरखून मधल्या थरांत पोकळी नाहीं ना, तें पाहिलें. ६ मिलिमीटरांत तीन पदरांपेक्षां पांच पदरांची फळी पसंत केली. कडेचा गडद रंग हा फिनॉलचा पुरावा मानला नाहीं, कारण रंग घालतांहि येतो. आणि कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीनें बंद केली. पाणी कडेंतूनच शिरतें, आणि आमच्या गांवीं वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो.

पहिल्या फळ्यांचें आमच्या ग्रंथांसाठीं कपाट झालें. त्या कामास त्या उत्तम आहेत. वस्तु वाईट नव्हती. तिच्यावरचें विधान खोटें होतें, आणि आमचें विधान त्याहून खोटें.

दिवाळीच्या सुटींत भरतीच्या वेळीं भाट्याच्या खाडींत होडी लोटली. नातू पुढें झाला, तेव्हां आम्हीं त्यास थांबविलें. आम्हांस पोहतां येत नाहीं. तरंगजाकीट घालून, एका जाणत्या नावाड्यास सोबत घेऊन, प्रथम आम्हीच आंत बसलों. सूनबाई कांठावर उभी होती. खाडींत एक फेरी झाल्यावर तिनें मुलास पुढें जाण्याची खूण केली.