दाबाची साक्ष

वायूंची उष्णतावाहकता मोजण्याचे काम दुरून पाहणाऱ्यास तारेचे आणि विजेचे वाटते. पण ज्याचे आयुष्य त्यात गेले, त्याच्या लेखी ते मुख्यतः वजावटीचे काम आहे. उभ्या काचनळीच्या अक्षावर दशांश मिलिमीटर जाडीची प्लॅटिनमची तार ताणून बसवावी, नळी तेलाच्या कुंडात बुडवून तिची भिंत एका ठरावीक तापमानावर स्थिर ठेवावी, तारेतून विद्युतप्रवाह सोडून तिच्या रोधावरून तिचे तापमान काढावे, आणि खर्ची पडलेली उष्णता व तार आणि भिंत यांतला अंशांचा फरक या दोन आकड्यांवरून वाहकता सिद्ध करावी, इतकी ही रीत कागदावर सरळ आहे. आणि श्लायरमाखरने 1888 मध्ये ती योजिली तेव्हापासून तिचे मूळ स्वरूप फारसे बदललेले नाही. परंतु तारेतून निघालेली सर्व उष्णता वायूच्याच वाटेने भिंतीकडे जाते, असे मानण्यास आधार नाही. काही प्रारणाने जाते, काही तारेच्या टोकांना जोडलेल्या जाड जोडतारांतून निसटते, आणि तापलेला वायू वर चढू लागला की काही अभिसरण नेते. वायूच्या खात्यावर नेमके किती मांडायचे, याची खातरजमा करण्यास जो एक विश्वासू साक्षीदार प्रयोगकर्त्याजवळ असतो, तो म्हणजे दाब.

याचे कारण मॅक्सवेलच्या गतिसिद्धांतात आहे. वायू विरळ केला तर उष्णता वाहून नेणारे रेणू कमी होतात, हे खरे. पण टक्करी कमी झाल्यामुळे उरलेला प्रत्येक रेणू त्याच प्रमाणात अधिक दूर जातो, आणि म्हणून वाहकता होती तेवढीच राहते. हे विधान ऐकणाऱ्यास प्रथमदर्शनी पटत नाही. व्हिएन्नामध्ये योझेफ श्टेफानने 1872 मध्ये धातूची दोन नळकांडी एकात एक बसवून, मधल्या चिंचोळ्या पोकळीत वायू भरून आणि आतल्या नळकांड्यातल्या हवेलाच तापमापक करून त्याची प्रचीती घेतली. हायड्रोजनची वाहकता हवेच्या सुमारे सातपट असल्याचेही त्याने दाखविले. तीन वर्षांनी कुंट आणि वारबुर्ग यांनी काचपात्रात निवणाऱ्या तापमापकावर हाच नियम दाबाच्या विस्तृत टप्प्यावर पडताळून पाहिला.

श्टेफानच्या कार्याचा जो भाग मला सर्वांत आदरणीय वाटतो, तो मात्र याच्या पुढचा आहे. द्युलाँग आणि पती यांनी 1817 च्या सुमारास तप्त गोळ्याच्या निवण्याची जी मोजमापे केली होती, त्यांत पात्रातली हवा काही मिलिमीटर पाऱ्याच्या दाबापर्यंत काढून टाकल्यावर उरलेला उष्णताव्यय केवळ प्रारणाचा, असे गृहीत धरले होते. पण दाब उतरविल्याने वाहकता उतरत नाही, हे श्टेफानला स्वतःच्या उपकरणातून ठाऊक झालेले होते. तेव्हा त्या तथाकथित निर्वातातली हवा जवळजवळ पूर्ण वहन करीतच होती, हे ओळखून त्याने त्या जुन्या आकड्यांतून वायूचा हिस्सा वजा केला, आणि 1879 मध्ये प्रारण हे निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असते, हा नियम मांडला. ज्याने वायूची वाहकता मोजली होती, त्यालाच प्रारणाचा नियम त्या आकड्यांत दिसावा, यात मला योगायोग दिसत नाही.

प्रत्यक्ष कामात ही साक्ष घ्यावयाची तर आधी पंप लावून नळी शक्य तितकी निर्वात करायची, आणि तारेचे तेच तापमान राखण्यास किती शक्ती लागते ते टिपून ठेवायचे. प्रारणाचा आणि टोकांचा जमाखर्च तेथे उघड होतो. मग वायू थोडा थोडा आत घ्यायचा. 1 मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला हवेच्या रेणूचा माध्य मुक्तपथ सुमारे 50 मायक्रॉन, म्हणजे तारेच्या त्रिज्येइतका असतो. अशा वेळी तारेला लगटून असलेल्या वायूचे तापमान तारेच्या तापमानाहून वेगळे राहते, आणि वाहकता खोटी कमी दिसते. स्मोलुखोव्स्कीने 1898 मध्ये या तुटीचा जो ऊहापोह केला, त्याच्या आधारे मोजलेल्या वाहकतेचा व्यस्त दाबाच्या व्यस्तासमोर मांडला, की बिंदू एका सरळ रेषेवर येतात, आणि ती रेषा अक्षापर्यंत वाढविली म्हणजे तुटीवाचूनचा आकडा मिळतो. दाब आणखी चढवीत नेला की आकडा स्थिर होतो. गॅल्व्हॅनोमीटरचा प्रकाशबिंदू पट्टीवर निश्चल उभा राहून दाब बदलला तरी जागचा हलत नाही, तो मधला टप्पाच आपला. त्यापुढे अभिसरणाचा अंमल सुरू होतो. दाब दुप्पट केला की अभिसरणाची प्रवृत्ती चौपट होते आणि तार आणि भिंत यांतले अंतर दुप्पट केले की आठपट, म्हणून ज्याला उंच दाबाचे काम करायचे त्याने नळी अरुंदच घ्यावी.

तापमानाचे प्रकरण निराळे. हवेची वाहकता शून्य अंश सेल्सिअसला दर मीटर-केल्विनला सुमारे 24 मिलिवॅट असते, ती शंभर अंशांना 31 च्या वर जाते. रेणू कठीण गोळे असते, तर ती वाढ निरपेक्ष तापमानाच्या वर्गमूळाप्रमाणे झाली असती. प्रत्यक्ष वाढ तिच्याहून बरीच अधिक असते, आणि त्या आधिक्यात रेणूंच्या परस्पर आकर्षण-प्रतिकर्षणाची हकीकत असते. मिश्रणांचा हिशेब तर साध्या प्रमाणाने मुळीच लागत नाही. जादवपूरच्या ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेत श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मोजमापे चिकाटीने केली, आणि मेसन व सक्सेना यांचे 1958 चे सूत्र आजही अभियंत्यांच्या नित्य वापरात आहे.

या सर्वांत कठीण कसोटी कार्बन डायऑक्साइडची. 31 अंश आणि सुमारे 73 वातावरणे या क्रांतिबिंदूजवळ वाहकता एकाएकी उंचावते असे दिसे, पण तेथे वायू किंचितशा उष्णतेनेही इतका प्रसरण पावतो, की ती उंची अभिसरणाचीच, असा आक्षेप घेणारे पुष्कळ होते. आम्स्टरडॅमच्या मिचेल्स, सेंगर्स आणि व्हान डर गुलिक यांनी आडव्या सपाट चकत्या घेऊन वरची तापविली, म्हणजे हलका वायू वरच राहील. मधली फट अत्यल्प ठेवली, तापमानातला फरकही अत्यल्प ठेवला, आणि मग ही दोन्ही बदलून पाहिली. अभिसरण असते तर आकडा त्यांच्यासह हलला असता. तो हलला नाही, आणि 1962 मध्ये त्यांनी ते शिखर वायूच्याच खात्यावर जमा केले.