चार पिनांची वायर

आमच्या माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यातली बिस्किटे केव्हाच संपली. आता त्यात सात कॅसेटी आहेत, काडेपेटीहून जराशा मोठ्या. २००५ साली दादा मस्कतहून आला तेव्हा त्याने व्हिडिओ कॅमेरा आणला, आणि पुढचा महिनाभर आमच्या घरात कोणी शिंकले तरी ती शिंक या कॅसेटींत जमा झाली. माझ्या लेकीचे बारसे त्यात आहे, अंगणातला हापूस आहे, आणि मुख्य म्हणजे अण्णा आहेत. अण्णा २००९ साली गेले.

२०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरले तेव्हा आमचे कपाट गेले, शिलाईचे यंत्र गेले, माझ्या एका कादंबरीचे हस्तलिखितही गेले. यातल्या शेवटच्या वस्तूबद्दल हळहळ व्यक्त करायला कोणी आले नाही हे सांगितले पाहिजे. डबा तेवढा माळ्यावर होता म्हणून वाचला. त्या दिवसांतही दादाने पुण्याहून विचारपूस केली ती आईकडे. घराच्या वाटणीवरून २०१८ पासून आम्हां भावांचे बोलणे बंद होते.

२०२५ च्या वैशाखात आईचे सहस्रचंद्रदर्शन करायचे ठरले. लेक म्हणाली, "बाबा, त्या टेपा कॉम्प्युटरवर घेऊ या. नको ते कापून मी दहा मिनिटांची फिल्म करते. आजीला आजोबा दाखवू."

कल्पना उत्तम होती. तिने कॅमेरा आपल्या लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपने बराच विचार केला आणि अकरा छायाचित्रे काढून दाखवली. त्यांतल्या चारांत शेजाऱ्यांची म्हैस होती. अण्णांचा पत्ता नव्हता.

बाजारातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याने उलगडा केला. "सर, त्या यूएसबीतून फक्त कार्डावरचे फोटो येतात. टेपेवरचे चित्र यायचे ते या भोकातून." कॅमेऱ्याच्या कुशीत एक चिमुकले भोक होते, वर 'डीव्ही' लिहिलेले. हीच ती फायरवायर. सोनीवाले तिला आय-लिंक म्हणत, आणि तिचे सरकारी नाव १३९४. एकाच मुलाला घरी बंड्या, शाळेत यशवंत आणि हजेरीपटावर नुसता क्रमांक असतो, तसा प्रकार. आजच्या लॅपटॉपांना हे भोक नसते. शूटिंगवाला भला माणूस; त्याने विंडोज ७ चा आपला जुना, धूळ खात पडलेला कॉम्प्युटर आम्हांला देऊ केला. त्याला सहा पिनांचे भोक होते. कॅमेऱ्याला चार पिनांचे. मधली वायर मात्र त्याच्याकडची पुरात गेली होती. आम्ही मागवली ती दोन्ही टोकांना सहा पिना घेऊन आली.

आमची वायर कुठे आहे हे मला पक्के ठाऊक होते. वाटणीत कॅमेरा माझ्याकडे राहिला आणि वायर दादाच्या सामानातून पुण्याला गेली. वाटण्या अशाच होतात.

दोन दिवस मी हा विषय टाळला. तिसऱ्या दिवशी आईने फोन लावला आणि एक शब्द न बोलता माझ्या हातात दिला.

"चार पिनांची वायर," मी म्हणालो. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"आहे," पलीकडून दादा म्हणाला. "एस.टी.च्या कंडक्टरकडे देतो. दोन्ही यंत्रे बंद ठेवून जोड. ते मोठे टोक उलटे कोंबलेस तर सॉकेट जळेल."

वायर आली, जोडली. कॉम्प्युटरला कॅमेरा दिसेना. पुन्हा फोन. या वेळी तो मी लावला.

"कॅमेरा व्हीसीआरवर केलास का? शूटिंगवर ठेवून टेप कशी चालेल?"

केला. तरी दिसेना.

"डिव्हाइस मॅनेजर उघड. १३९४ लिहिलेली ओळ सापडली? तिचा ड्रायव्हर बदल. यादीत एकापुढे 'लेगसी' लिहिले असेल, तो घे."

"लेगसी म्हणजे?" माझे इंग्रजी मॅट्रिकच्या उंबरठ्यावरच बसून राहिलेले.

"वारसा," दादा म्हणाला.

मग जरा वेळ कोणीच बोलले नाही. सात वर्षे आम्ही ज्याच्यावरून गप्प होतो, तो शब्द एखाद्या यंत्राच्या यादीत भेटेल असे दोघांनाही वाटले नसावे. मी गुपचूप त्याच्यावर बोट दाबले. पडदा काळा झाला, निळा झाला, आणि आमचे अंगण आले.

या टेपेची एक तऱ्हा आहे. तासाभराची टेप उतरवायला तासच लागतो. घाई करून भागत नाही. बारशाची गर्दी सुरू झाली, अण्णा पाळण्यावर वाकले, आणि नेमके एकोणीस-वीस मिनिटांनी सगळे थांबले. माझ्या पोटात गोळा आला.

"टेप गेली रे, दादा."

"टेपेला काही झालेले नाही. बाहेरच्या डिस्कवर साठवतोयस ना? ती फॅट-३२ असणार. ४ जीबीच्या वरची फाइल तिला पेलत नाही, आणि तासाला १३ जीबी लागतात. कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर घे. पहिल्यापासून लाव."

पहिल्यापासून लावली. फोन मांडीवर तसाच चालू होता. दादा सगळे ऐकत होता. साऱ्या कॅसेटींत तो स्वतः कुठेच नाही. आहे तो त्याचा आवाज. "अण्णा, इकडे बघा." आणि अण्णा, कपाळाला आठ्या घालून: "ते आधी खाली ठेव आणि पानावर बस. पंगत खोळंबलीय."

चित्र डुलले, आडवे झाले. कॅमेरा उंबरठ्यावर ठेवला गेला, पण बंद करायचा राहिला. पुढची चार मिनिटे केळीची पाने, वाढप्यांचे पाय, आणि एका कोपऱ्यात शेजारी शेजारी मांडी घातलेले दोन गुडघे. एक माझा, एक दादाचा. वरून अण्णांचा आवाज, मठ्ठा वाढायला सांगणारा. आईने पदर डोळ्यांना लावला नाही. ती नुसती खुर्ची पुढे ओढून बसली.

"हे कापू ना, बाबा?" लेक म्हणाली. "नुसती पाने तर दिसताहेत."

मी काही बोलायच्या आत फोनमधून आवाज आला, "राहू दे ग ते." आणि मग, घसा साफ करून, "दुसरी टेप इतक्यात लावू नका. चित्र फुटत असेल तर हेड साफ करावे लागेल. ती कॅसेट माझ्याकडे आहे. तू हात लावू नकोस हं, तोडशील. मी रविवारी येतो."