आईची जिवाणी

शुक्रवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या परसात आड होता. पहाटे दुहेरी गाळण्यातून पाणी गाळून झाले की आई ते गाळणे उलटे करून गाळलेल्याच पाण्याने धुई आणि ती जिवाणी पोहऱ्यातून पार पाण्यापर्यंत अलगद सोडी. वरून कधी ओतत नसे. दोन घटिका, म्हणजे 48 मिनिटे उलटली की पुन्हा गाळणे. मला शाळेला उशीर होई आणि मी चिडे. "ज्या पाण्यातलं, त्याच पाण्यात जायला हवं रे," एवढेच ती म्हणे. पुढे बँकेत, भलत्याच खात्यात पडलेली किरकोळ रक्कम शोधत रात्री थांबताना हे वाक्य हटकून आठवे.

घर वाढवताना मात्र तो आड मीच बुजवला. नळ आला होता, कर्ज मंजूर झाले होते, जागाही हवी होती. आईला विचारलेसुद्धा नाही. मुरुमाची शेवटची गाडी रिकामी झाली तेव्हा पोहरा हातात घेऊन तिने विचारले, "बाळ, आता जिवाणी कुठं सोडायची?" व्याजाचे दर तोंडपाठ असलेल्या मला उत्तर सुचले नाही.

तिनेच ते शोधले. नळाचे पाणी नदीचे, म्हणून रोज सकाळी लहान कळशी घेऊन ती पंचगंगेच्या घाटावर जाऊ लागली. अखेरच्या आजारापर्यंत गेली. मला एका शब्दाने बोलली नाही. पावसाळ्यात मी छत्री धरून मागून चाले.

तिचे गाळणे अजून खुंटीवर असते. पत्नी त्यातूनच पाणी गाळते. कळशी मी नेतो.