काट मारलेलं पुस्तक

गेली एकोणीस वर्षं मी एका कनिष्ठ महाविद्यालयाचं ग्रंथालय सांभाळते. पुस्तकखरेदीची यादी माझ्याच हातून जाते. काही वर्षांपूर्वी मुलींनी सुचवलेल्या पुस्तकांत डॅनियल हँडलर यांची ‘व्हाय वी ब्रोक अप’ ही इंग्रजी कादंबरी होती. मी नाव वाचलं आणि काट मारली. आतलं पानही उघडलं नाही. माझं मत पक्कं होतं: असली पुस्तकं पोरांना दुःख कुरवाळायला शिकवतात. सोळाव्या वर्षीचं प्रेम चार दिवसांचं, रडणंही चार दिवसांचं. त्याला खतपाणी कशाला घालायचं?

ते मत आता राहिलेलं नाही. कसं गेलं ते सांगते, कारण त्या मताचा त्रास माझ्या मुलीला झाला.

ती अकरावीत होती. दिवाळीआधीची आवराआवर चालली होती. तिचं ‘ते’ मोडलंय हे मला महिनाभर आधीच कळलं होतं आणि मी आईपणाचं कर्तव्य म्हणून जे सांगायचं ते सांगून मोकळी झाले होते: अभ्यासात मन घाल, विसरशील. कपाट आवरताना तिच्या केमिस्ट्रीच्या जर्नलमधून चॉकलेटचा एक चंदेरी कागद पडला. नखानं घासून घासून इतका सपाट केलेला, की एक सुरकुती नव्हती. कोपऱ्यात निळ्या पेनानं तारीख. मी तो रद्दी कपट्यांबरोबर कचऱ्यात टाकला. संध्याकाळी ती जर्नल चाळत बसली, मग माझ्याकडे बघितलं आणि चप्पल न घालताच खाली पळाली. घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती. वर आल्यावर ती रडली नाही. “विचारायचंस तरी,” एवढंच म्हणाली.

मी तेव्हाही मनात म्हटलं, कागदच तर होता.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं मैत्रिणीकडून आणलेली तीच कादंबरी मला दिवाणावर सापडली. एका दुपारी उघडली आणि रात्री संपवली. मिन ग्रीन नावाची सिनेमावेडी मुलगी, शाळेच्या बास्केटबॉल संघातल्या एड स्लेटरटनच्या प्रेमात पडते. सगळं प्रकरण जेमतेम सव्वा महिन्याचं. ते मोडल्यावर ती त्याच्या आठवणींच्या वस्तू एका खोक्यात भरते आणि अ‍ॅल या मित्रासोबत ट्रकमधून ते खोकं एडच्या दारात टाकायला निघते. कादंबरी म्हणजे त्या खोक्यासोबतचं तिचं लांबलचक पत्र. बाटलीची दोन बुचं, काडेपेटी, सिनेमाचं तिकीट, कोनमापक, खेळण्यातला ट्रक. एकेक वस्तू निघते आणि तिची हकीकत येते. माइरा काल्मन यांनी या वस्तूंची रंगीत चित्रं काढली आहेत. बाटलीच्या बुचाला पुस्तकाचं अख्खं पान मिळालं आहे.

त्या बुचाच्या चित्रापाशी मी बराच वेळ थांबले. मला तो चंदेरी कागद दिसला.

मी समजत होते, दुःखातून बाहेर पडणं म्हणजे त्याच्याकडे पाठ फिरवणं. मिन तसं करत नाही. ती प्रत्येक वस्तू हातात घेते, कुठली, कधीची, तेव्हा काय वाटलं होतं, हे सगळं सांगते, आणि मगच ती परत करते. हे कुरवाळणं नाही, हे हिशोब चुकता करणं आहे. त्यात तिला एडचं खोटं दिसतं, तसं स्वतःचं डोळे मिटून घेणंही दिसतं. ‘विसर’ म्हणणाऱ्या मी माझ्या मुलीला हा हिशोबच मांडू दिला नव्हता.

हे पुस्तक 2011 सालचं, आणि 2012 मध्ये त्याला अमेरिकेतल्या प्रिंट्झ पुरस्काराचा ‘ऑनर’ मिळाला. हे तर मला काट मारण्याआधी दोन मिनिटांत कळलं असतं. त्यात दारू आहे, शरीरसंबंध आहेत; सातवीतल्या मुलाच्या हाती मी ते आजही देणार नाही. पण अकरावी-बारावीच्या कपाटात त्याची जागा आहे. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’ या कादंबरीला आपल्या कितीतरी वाचकांनी जीव लावला, माझ्या वर्गमैत्रिणींनीही. मात्र तिच्यातल्या मुकुंदाचे, त्याची आवडती शिरोडकर दिसेनाशी झाल्यानंतरचे महिने कसे गेले असतील, त्याची कादंबरी मराठीत माझ्या वाचनात आलेली नाही. कुणीतरी ती लिहावी असं मला फार वाटतं. दर वर्षी जूनमध्ये माझ्या टेबलासमोर एखादी मुलगी उगाच पुस्तकं चाळत उभी असते, डोळे सुजलेले असतात, आणि तिला द्यायला माझ्या हाताशी आपल्या भाषेतलं काही नसतं.

यंदाच्या यादीत मी ती कादंबरी स्वतःच्या अक्षरात लिहिली. दोन प्रती.

त्याआधी मुलीची माफी मागितली. आता ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हटलं, तो कागद कसला होता ते मी तेव्हा विचारलं नाही, आता सांगशील? ती आधी नको म्हणाली. मग सांगत गेली, बसस्टॉपपासून, पावसापासून, त्याच्या मोडक्या छत्रीपासून. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. चॉकलेट एकच होतं, दहा रुपयांचं. त्यानं ते मोडलं, तुकडे सारखे झाले नाहीत.

“मोठा मला दिला होता,” ती म्हणाली.