परसातला वाल

भाद्रपद शुद्ध तृतीयेची संध्याकाळ. २०२५ साली ही तिथी २६ ऑगस्टला आली होती. दुसऱ्या दिवशी गणपती, तिसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. म्हणजे फुलांची आणि भाजीची दोन्ही चिंता एकाच वेळी. टोपली, कात्री आणि चष्मा घेऊन आम्ही उभयता परसात उतरलो. न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागची ही बाग मोठी नाही. आरामात चाललो तरी पाव तासात एक फेरी पुरी होते. पण ऑगस्ट सरताना त्या पाव तासाचा तास होतो, कारण वर्षभरात बागेला सांगण्यासारखे जे काही असते ते ती याच दिवसांत सांगते. वाचकांना सवड असेल तर त्यांनीही बरोबर यावे.

पायरी उतरताच झेंडू आणि झिनिया. मे महिन्यात बोटभर रोपे लावली होती. आता ती कमरेपर्यंत आली आहेत आणि खालची पाने करपली आहेत. दसऱ्याच्या तोरणात आणि गणपतीच्या हारात ज्याच्यावाचून आमचे पान हलत नाही तो झेंडू मुळात मेक्सिकोकडचा. मिरचीही तिकडचीच. टोमॅटोही याच अमेरिका खंडांतला. पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडे आलेल्या या मंडळींना आपण इतके आपले केले, की त्यांना परदेशी म्हटले तर आजही आमच्या नात्यातल्या ज्येष्ठांना राग येतो. तेव्हा आम्ही परदेशात झेंडू लावतो की झेंडूच्या माहेराजवळ आपण येऊन राहिलो आहोत, हे ठरवणे कठीण आहे.

कोपऱ्यात गुलबक्षी. तिला इथे लोक ‘चारची फुले’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात; पण उन्हाळ्यात इथली घड्याळे तासभर पुढे केलेली असतात आणि गुलबक्षीला कुणी ते कळवलेले नसते. ती आपल्या वेळेला, म्हणजे आमच्या पाच-साडेपाचला उमलते. तिच्या शेजारी कुंडीतली तांबडी जास्वंद. ऑक्टोबरात तिला घरात घ्यावे लागते आणि सारा हिवाळा ती खिडकीशी पाने गाळीत, आमच्यावर उपकार केल्यासारखी जगते. उद्यासाठी तिच्यावर तीन कळ्या आहेत. दूर्वांची मात्र ददात नाही. हिरवळीत ती उगवली की इथले लोक तण म्हणून तिच्यावर औषध मारतात. आम्ही कुंपणाकडेची हातभर जागा तिला आंदण दिली आहे.

आता भाजीकडे वळू. टोमॅटोची झाडे बुडापासून पिवळी पडत चालली आहेत. वर फळ, खाली बुरशी. वाण ‘रटगर्स’, याच राज्याच्या विद्यापीठाने १९३४ साली लोकांपुढे आणलेला. दुधीचा मांडव या वर्षी गच्च भरला आहे. त्याची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, पतंगांच्या भरवशावर. पतंग कमी पडले तर नरफूल तोडून मादीफुलाला टेकवण्याचे काम आमच्याकडे येते. लाल भोपळ्याचा वेल जुलैतच खोड पोखरणाऱ्या अळीने नेला. भेंडी आमच्याहून उंच झाली आहे. दोन दिवस दुर्लक्ष केले की तिची शेंग लाकूड होते. मका रॅकूननी आमच्या आदल्या रात्री सोलून खाल्ला, आणि सोललेली पाने नीट एका जागी टाकली. पन्हाळीच्या तोंडाशी, जिथे पावसाचे पाणी साचते, तिथे अळू. पानांना छिद्रे आहेत ती जपानी भुंगेऱ्यांची. हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तोही याच राज्यात, रिव्हर्टनजवळ, १९१६ साली.

ऋषीच्या भाजीचा नियम असा की बैलाच्या कष्टाचे त्यात काही नसावे. हाताने लावलेले, परसात वाढलेले तेवढेच घ्यावे. आमच्या परसात बैल कधी आलाच नाही. त्यामुळे हे एक व्रत आम्ही इथे अत्यंत शुद्ध स्वरूपात पाळतो. अळू, भेंडी, दुधी, मिरच्या, माठ: टोपली भरत आली. आणि मग आम्ही गॅरेजच्या भिंतीशी थांबलो. खरे तर इथपर्यंतचा सगळा फेरफटका या जागेपाशी उशिरा पोचण्यासाठीच होता.

इथे एका मोठ्या कुंडीत वालाचा एक वेल आहे. त्याला सहा शेंगा आहेत.

१९९८ साली आई आमच्याकडे सहा महिने राहायला आली. आमच्यापैकी एकाची ती आई, दुसऱ्याची सासूबाई. पण दोघेही तिला आईच म्हणत होतो. अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावाहून येताना तिने लुगड्याच्या धडप्यात वालाची पुरचुंडी बांधून आणली होती. असे बी विनापरवाना आणणे नियमाला धरून नव्हते आणि कुणी आणू नये. हे आम्हांला नंतर कळले, तोवर वाल मातीत गेला होता. हिरवळीचा तुकडा खणून पहिला वाफा केला तो तिने. आज जी बाग दाखवीत आम्ही हिंडतो आहोत तिची सुरुवात ही.

त्या वर्षी वाल उदंड वाढला. कुंपण झाकले, शेजारच्या मेपलवर चढला. फूल मात्र एक नाही. आई रोज सकाळी जाऊन पाहायची आणि म्हणायची, “माजलाय मेला.” सप्टेंबर संपता संपता एकदाचे तुरे आले, त्याच आठवड्यात ती परत गेली, आणि ऑक्टोबरात एका रात्री दव गोठले तेव्हा चपट्या, कोवळ्या शेंगांसकट सारा वेल काळा पडला. आम्ही तिला फोनवर सांगितले, खूप शेंगा आल्या.

वाल का माजला, हे समजायला आम्हांला बरीच वर्षे लागली. आमच्या गावाकडे भात कापून झाल्यावर, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. तो थंडीत फुलतो आणि भरतो. शेंगांच्या पोपटीचे दिवसही तेच. काही झाडे फुलायची वेळ दिवसाच्या लांबीवरून ठरवतात, हे गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघा शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडले. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टनच्या शेतावर तंबाखू आणि सोयाबीन यांच्यावर प्रयोग करून. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले की अशी झाडे मोजतात ती खरे तर रात्र. अखंड काळोख पुरेसा लांब झाला की फुलायचे. मधेच उजेड पडला तर मोजणी फुकट.

हे वाचल्यावर आम्ही कागद घेऊन हिशेब केला. आमच्या गावी वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. इथे जूनमध्ये तो पंधरा तासांचा. तो लहान होत होत सव्वातेरा तासांवर येतो केव्हा, तर ऑगस्टच्या अखेरीस. म्हणजे इथला उन्हाळा संपतो तेव्हा वालाच्या लेखी कुठे गावाकडचा ज्येष्ठ उजाडतो. मार्गशीर्ष तर अजून दूरच. तो माजला नव्हता. तो रात्रीची वाट पाहत होता, आणि रात्र मोठी होईतो थंडी येत होती.

आई २०१२ साली गेली. तोवर ती दरवर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मूठभर वाल पाठवत असे, म्हणून आम्हांला बियांची फिकीर नव्हती. तिच्यामागे वाटण्या झाल्या, वालाच्या शेतावर कुणाचे तरी विश्रांतिगृह उभे राहिले. फ्रीजमधल्या डब्यात उरले होते तेवढेच बी राहिले. २०१७ साली थंडी नोव्हेंबरपर्यंत लांबली तेव्हा तीसेक दाणे हाती लागले. त्यानंतर दरवर्षी चार-पाच पेरायचे, काळे पडलेले पाहायचे, असे चालले. २०२५च्या वसंतात डबा उघडला तेव्हा नऊ होते.

इथे आमच्यात मतभेद झाला. एकाचे म्हणणे, एका रोपाला रात्र आपणच करून द्यावी. नाताळची तांबड्या पानांची झाडे वेळेवर रंगावीत म्हणून इथले रोपवाटिकावाले त्यांना काळ्या कापडाने झाकतातच. दुसऱ्याचे म्हणणे, ही झाडाची फसवणूक आहे. जे इथे आपोआप पिकत नाही ते पिकवण्याचा अट्टाहास कशासाठी? एडिसनच्या दुकानात वाल बारमाही मिळतात, आणि आपण उसळीसाठी तेच आणतो. पाच पेरले, तीन उगवले. एक ग्राउंडहॉगने खाल्ला. एक कुंपणाशी वाढू दिला. तिसरा या कुंडीत. आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून पाच आठवडे, रोज संध्याकाळी सहाला त्याच्यावर काळे पिंप पालथे घालून सकाळी आठला काढायचे, असे ठरले. ज्याचा विरोध होता, पिंप उचलण्याचे काम बहुतेक दिवशी त्यानेच केले, हेही नमूद केले पाहिजे.

जुलैत एका लग्नाला गेलो आणि रात्री साडेअकराला आठवले. आल्या पावली अंधारात धावत जाऊन पिंप घातले. ते घालताना गॅरेजवरचा, माणूस हलले की लागणारा दिवा लख्ख लागला. तेव्हा ध्यानात आले की कुंपणाजवळच्या वेलाची रात्र हा दिवा, दर वेळी हरिण गेले की, मोडत असणार. दुसऱ्या दिवशी दिवा काढून टाकला. त्या रात्री आम्ही एकमेकांना बरेच काही बोललो, आणि त्यातले वालाविषयी फार थोडे होते. आई शेवटची आजारी होती तेव्हा तिकीट कुणी कोणत्या तारखेचे काढले, आणि दोन दिवस आधीचे का काढले नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. तेरा वर्षे तो आमच्यात पुरून ठेवलेला होता. उत्तर त्या रात्रीही मिळाले नाही. पण मुद्दा एकदा उच्चारला गेला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुंडीतल्या वेलाला तुरा आला. कुंपणावरचा आजही नुसता हिरवा आहे.

आमची लेक कॅलिफोर्नियात असते. तिने फोनवर विचारले, “पण दुकानातल्या वालापेक्षा तो चवीला वेगळा लागतो का?” प्रश्न रास्त आहे. प्रामाणिक उत्तर असे, की आम्हांला आठवत नाही. उसळीपुरते वाल आम्हांला इथे कधी मिळालेच नाहीत. रात्रभर भिजवलेले, मोड आलेले वाल सोलताना आईच्या बोटांचा वेग आठवतो, बिरड्याला पडलेल्या फोडणीचा वास आठवतो. पण वास फोडणीचा होता की वालाचा, हे शपथेवर सांगता येणार नाही. चवीसाठी आपण हे करतो, असे इतकी वर्षे सांगत आलो, ते खरे नव्हते. आम्ही तिला फोनवर सांगितलेली एक खोटी गोष्ट खरी करू पाहत होतो. शेंगा आल्या, असे म्हटले होते. त्या यायला सत्तावीस वर्षे लागली.

शेजारचे गृहस्थ मूळ इटालियन वंशाचे, ऐंशी ओलांडलेले. त्यांच्या परसात अंजिराचे झाड आहे, त्यांच्या वडिलांनी गावाकडून काडी आणून लावलेले. इथल्या थंडीत ते टिकत नाही म्हणून दर नोव्हेंबरात ते झाडाला दोरीने आवळतात, गोणपाट आणि जुनी गोधडी गुंडाळतात, वर बादली पालथी घालतात. पालथे पिंप पाहून कुणी काही विचारले नाही असे शेजारी तेवढेच. या वर्षी त्यांना खांद्यावर हात जात नाही. झाड तुम्ही गुंडाळाल का, असे त्यांनी मागच्या रविवारी कुंपणावरून विचारले, आणि आम्ही होकार दिला.

टोपली भरली होती. सहा शेंगांतल्या दोन कोवळ्या होत्या. पंचमीच्या भाजीत त्या घालाव्यात की सगळ्याच बियांसाठी वाळू द्याव्यात, यावर थोडा वेळ बोलणे झाले. एक शेंग तोडली. भाजीत ती कुठे गेली ते कुणाला कळणार नव्हते. उरलेल्या पाचांना ऑक्टोबरापर्यंत वेळ आहे, आणि थंडी लवकर आलीच तर कुंडी उचलून घरात नेता येते, जास्वंदीशेजारी.