दोन तीरांचे जालना

जालना हे नाव एक असले, तरी गावे दोन आहेत. कुंडलिका नदीच्या एका तीरावर जुने जालना आणि दुसऱ्या तीरावर, पूर्वी कादराबाद म्हणून ओळखले जाणारे, नवीन जालना. रेल्वे स्थानक जुन्या भागात, तर सदर बाजार नव्या भागात. ‘जालना, सोन्याचा पाळणा’ ही म्हण येथील व्यापारी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. या पाळण्याची दोरी कोणाकोणाच्या हातांत होती, हे मात्र गाव पायी फिरल्यावाचून कळत नाही.

पुण्यात स्थायिक झालेले एक ओसवाल दांपत्य गेल्या माघ महिन्यात दोन दिवसांसाठी नवीन जालन्यास आले. पतीच्या आजोबांचा वाडा सदर बाजाराच्या मागील गल्लीत आहे आणि तेथे आता वृद्ध काका-काकू दोघेच राहतात. गेल्या वीस वर्षांत या दांपत्याचे येथे येणे झाले ते लग्नासाठी किंवा उठावण्यासाठी. सकाळी यायचे आणि दुपारी परतायचे. या वेळी कोणतेही कार्य नव्हते. ऐतिहासिक स्थळे पाहावीत, घरचे जेवण जेवावे आणि आप्तांना भेटावे, एवढाच बेत सांगितला गेला होता. पिशवीत मात्र वाडा विकण्यास संमती देणारा कागद होता. इतर भावंडांच्या सह्या झाल्या होत्या. काकांची तेवढी बाकी होती.

तिथी अष्टमीची असल्याने घरात हिरवी भाजी नव्हती. तरीही काकूंच्या ताटात उणीव जाणवली नाही. गट्ट्याची भाजी, मुगाच्या मंगोड्या, भाजलेला पापड, ज्वारीची भाकरी आणि शेवटी तूप-गूळ. राजस्थानातून आलेल्या घराण्यांनी आपला नेम राखला आणि मराठवाड्याची भाकरी आपलीशी केली, त्याची साक्ष या एका ताटात मिळते. नव्या सुनेने या गल्लीत पहिल्यांदा पाऊल ठेवले, तेव्हा तिला हेच जेवण वाढले होते, याची आठवण काकूंनी करून दिली.

दुपारी दोघे नदी ओलांडून जुन्या जालन्यात गेले. येथील काळी मशीद, तिच्याजवळची सराई आणि गावाच्या पश्चिमेचा मोती तलाव ही मलिक अंबरच्या काळातील अधिकारी जमशेदखान याची कामे. त्याने नुसता तलाव बांधला नाही. जमिनीखालून नळ घालून तलावाचे पाणी गावातील हौदांपर्यंत आणले. त्यातील मोठा हौद सराईच्या चौकात होता. परगावचा व्यापारी उतरेल त्या जागी प्रथम पाणी हवे, हा हिशेब त्या काळी पक्का होता. पुढे 1725 मध्ये निजामुल्मुल्कच्या आज्ञेने काबीलखानाने गावाच्या पूर्वेस किल्ला बांधला. आज मस्तगड हे नाव त्याची आठवण देते. किल्ल्याने गावाचे रक्षण केले असेल. पण बाजार भरता राहिला तो पाण्यामुळे.

दोघांनाही चौविहाराचा नियम असल्याने सूर्यास्तापूर्वी परतणे भाग होते. प्रतिक्रमण आटोपल्यावर पुतण्याने कागदाचा विषय काढला. काकांनी तो शांतपणे वाचला, घडी घालून उशाशी ठेवला आणि म्हणाले, “सकाळी मांगलिक घेऊ, मग घाणेवाडीला जाऊ. नंतर बोलू.”

सकाळी सर्वजण गुरु गणेश तपोधामात गेले. कर्नाटक गजकेसरी पूज्य गणेशलालजी महाराज यांचे हे समाधिस्थान दूरदूरच्या स्थानकवासी कुटुंबांना जालन्याशी जोडून ठेवते. पुण्यतिथीला येथे हजारो भाविक जमतात. त्या दिवशी मात्र अंगणात शांतता होती आणि काकूंना सामायिक करण्यास निवांत वेळ मिळाला.

घाणेवाडीचा तलाव निजामी राजवटीतला. तेथून पाणी यंत्रावाचून, केवळ उताराने, नवीन जालन्यात येत असे. वर्षानुवर्षांच्या गाळाने तलाव उथळ झाला आणि 2012-13 च्या दुष्काळात शहर टँकरवर आले. त्या काळी वाड्यातील आडही आटला होता. कित्येकांनी गाव सोडण्याची भाषा केली. परंतु येथील व्यापारी, उद्योजक आणि सामान्य नागरिक एकत्र आले, वर्गणी जमली आणि तलावातील गाळ उपसण्याचे काम सुरू झाले. तो सुपीक गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतांत नेऊन टाकला. एकाची अडचण दुसऱ्याचे खत झाली.

बांधावर उभे राहून काका म्हणाले, “तुझ्या वडिलांनी तेव्हा पुण्याहून पैसे पाठवले होते. स्वतः आले असते, तर अधिक बरे वाटले असते.” पुतण्या काही बोलला नाही. सूनबाईंनी विचारले, “आडाला आता पाणी आहे?” काका हसले. “उन्हाळ्यातही असते. उपसणारे हात तेवढे कमी झाले.”

जालन्याने बाहेरच्यांना पुष्कळ दिले आहे. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि संकरित वाण देशभर पोचवले. 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथील पोलाद दूरदूरच्या इमारतींत जाते, मोसंबी दूरच्या बाजारांत विकली जाते. या गावच्या पेढ्यांवर तयार झालेली मुलेही तशीच पुण्या-मुंबईस गेली. माल गेला की त्याचे पैसे परत येतात. माणसे गेली की त्यांनी स्वतःच परत यावे लागते.

परतीच्या वाटेवर एका बागेपाशी गाडी थांबली. नवमी असल्याने मोसंबीस आडकाठी नव्हती. चौघांनी रस घेतला. तेथेच सूनबाईंनी सुचवले की कागद आहे तसा परत न्यावा आणि महावीर जयंतीस सर्व भावंडांनी मुलाबाळांसह वाड्यात एक मुक्काम करावा. त्यानंतर विकायचे ठरले, तरी ते काका-काकूंच्या समोर बसून ठरेल. काका लगेच “हो” म्हणाले नाहीत. प्रथम त्यांनी मुलांची संख्या मोजली, मग किती गाद्या लागतील हे काकूंना विचारले.