आई-बाबा ड्युटीवर

परदेशात नोकरी करणाऱ्या बहुतेकांचा हा अनुभव असेल. आई-बाबांना हौसेनं सहा महिने बोलवायचं. नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं, दोन-चार मॉल होतात. मग सोमवार येतो. आपण ऑफिसात आणि ते दोघं खिडकीत.

पारशिवनीला आमच्या घराचं दार दिवसा बंद नसतं. बाबा निवृत्त मास्तर, त्यामुळे बाजारात निघाले की दर दहा पावलांवर कुणीतरी "जय भीम सर" म्हणून थांबवणार. कोथिंबिरीची जुडी आणायला दीड तास! बोस्टनच्या उपनगरात मात्र त्यांना आठवडाभर एक पोस्टमन दिसला. "इथं माणसं राहतात कुठी बे?" हा प्रश्न त्यांनी मला खरोखर विचारला होता.

२०१८ चा सप्टेंबर. तिसऱ्या आठवड्यात जेवताना बाबांनी जाहीर केलं, "आम्ही सेवेले जाऊन राहिलो."

म्हणजे विपश्यना केंद्रात. दोघांनी निवृत्तीनंतर नागपूरजवळ माहुरझरीच्या 'धम्म नाग'ला दहा दिवसांचा कोर्स केला होता. धम्मसेवक व्हायला तेवढी पात्रता पुरते. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून ही विद्या घेऊन भारतात आले आणि १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या शेलबर्न फॉल्सला 'धम्म धरा' सुरू झालं. माझ्या घरापासून दोनेक तासांवर. कोर्सला फी नाही, शिकवणाऱ्यांना मानधन नाही. आधी कोर्स केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो आणि स्वयंपाक, झाडलोट सगळं सेवक करतात. गोयंकाजी याला कुठलाच संप्रदाय म्हणत नसत. आमच्या घरी मात्र ती बुद्धाचीच सेवा.

आता गंमत ऐका. तिथे स्त्री-पुरुषांची राहायची सोय वेगळी, मग नवरा-बायको का असेनात. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आई-बाबा पहिल्यांदाच वेगवेगळ्या इमारतींत राहिले, तेही अमेरिकेत! आईच्या बीपीच्या गोळ्या नेमक्या बाबांच्या बॅगेत. रोज सकाळी किचनच्या ओट्यावर कागदाची पुडी ठेवून बाबा पुढे जायचे. दिवसभरात दोघांचा संसार म्हणजे ती पुडी.

बाबांना घंटेचं काम मिळालं. साधकांना पहाटे चारला उठवायचं, म्हणजे साडेतीनला आपण उठायचं, अंधारात घंटा वाजवत सगळ्या खोल्यांवरून फिरायचं. आयुष्यभर शाळेत दुसऱ्यानं दिलेली घंटा ऐकली, आता स्वतःच चपराशी झालो, असं ते खुशीत सांगतात. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. मध्ये आठ, अडीच आणि सहाला सेवकांनीही तासभर ध्यानाला बसायचं. सातला गोयंकाजींचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन. ते २०१३ मध्ये गेले, आवाज रोज लागतो. नऊनंतर आवराआवर की झोप.

आई किचनमध्ये. पाककृती इंग्रजीत लिहिलेली, मापं कपांत आणि पौंडांत. आईला इंग्रजी येत नाही. एक अमेरिकन मुलगी तिला कागदावर चित्रं काढून सांगायची: तीन गाजरं, एक कांदा, सुरी अशी धर. तिखटाबद्दल मात्र आईचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. "आजाऱ्याचं जेवण" म्हणे.

बाबांच्या एका जुन्या मित्राला हे सगळं पटत नाही. फोनवर त्यांनी सुनावलं, "बाबासाहेबांनी संघर्ष करायले सांगितलं, डोळे मिटून बसायले नाही." हा वाद आमच्याकडे नवा नाही, घरोघरी चालतो. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेसाठी पारशिवनीहून नागपूरला गेले होते. त्या गर्दीत त्यांना मिळालं ते माणूसपण, मनःशांती वगैरे नव्हे. त्यामुळे मला तो मित्र अर्धा तरी बरोबर वाटतो. बाबा म्हणाले, "मोर्चात बी मीच जातो ना रे? घरी बसणाऱ्यानं मले सांगू नये." विषय संपला.

आईला हा वाद कधीच महत्त्वाचा वाटला नाही. तिच्या लहानपणी, तिच्या माहेरच्या गावात, लग्नाच्या जेवणाला आपल्या लोकांची पंगत शेवटी आणि लांब बसायची. वाढणारा वरून टाकायचा. त्यांच्या हातचं पाणी घेणं तर दूरच. हे तिनं मला आयुष्यात दोनदाच सांगितलं असेल, तेही दुसरं काहीतरी निवडता निवडता.

कोर्स संपला त्या सकाळी मी न्यायला गेलो. साधक बोलायला लागले होते, डॉक्टर, सुतार, कॉलेजची पोरं, सगळे ताटं धूत उभे. आई एप्रनमध्ये. गाडीपाशी आल्यावर म्हणाली, "एवढी माणसं दहा दिवस माझ्या हातचं जेवली. कोण्या जातीची बाई हाय, कोणीच नाही विचारलं."

मी डिकी उघडली. बाबांनी ती लावली. पुढच्या कोर्सलाही थांबायचं ठरलं होतं, मला फक्त सांगायचं राहिलं होतं. पारशिवनीहून आणलेला चिवडा मी परत घरी घेऊन जावा, तिथे बाहेरचं खाणं चालत नाही. आणि पुढच्या वेळी येताना लोकरीचे हातमोजे आणावेत. ऑक्टोबरात पहाटे घंटेचा दांडा फार गार लागतो.